फोटोतली गाय

बारामतीच्या सोसायटीतल्या वसुबारसेचा तो फोटो तुम्ही पाहिलात ना, वासराला चाटणाऱ्या गाईचा? ती आमची गौरी. वासरू मात्र तिचं नव्हतं.

तिचं वासरू त्याच आठवड्यात हगवणीनं गेलं होतं. पण तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाय-वासरू आणायचा शब्द सोसायटीला आधीच दिला होता.

"नुसती गाय कोण पुजतंय?" म्हणत त्यांनी शेजारच्या आबांचं वासरू मागून आणलं. गौरी त्याला जवळ येऊ देईना. मग तात्यांनी तिचं वासरू ज्या गोणपाटावर निजायचं, ते या वासराच्या अंगावर घासलं. गौरीनं वास घेतला, क्षणभर थांबली आणि त्याला चाटायला लागली.

आई म्हणाली, "अवं, नका फसवू तिला."

"एका सांजंचा तर प्रश्न हाय."

सोसायटीत कार्यक्रमाचा खर्च देणाऱ्या मिठाईवाल्याच्या फलकापुढं गाय-वासरासोबत फोटोसाठी रांग लागली होती. एक काकू मला म्हणाल्या, "किती जीव लावते गं ही!"

घरी आल्यावर आबा त्यांचं वासरू घेऊन गेले. गौरी दाव्याला हिसके देत हंबरत राहिली.

सकाळी सोसायटीच्या मॅडमचा फोन आला. तात्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"पुढच्या वर्षीही हीच जोडी आणा हं! आणि मागं एवढं कोण ओरडतंय?"

तात्यांनी गोठ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तीच हाय, मॅडम."