मुकादमाची बदली

...आणि वर मलाच विचारतात, "तुमचा चेहरा असा का उतरलाय हो?" आता काय सांगायचं! आमच्या घरी मुकादमाची बदली चालली होती! बेडरूममधून हॉलमध्ये! बदली म्हटलं की माणसं सामान बांधतात, गाव सोडतात, नवीन घर शोधतात... इथे काय होतं? मधे एक दार. फक्त एक दार हो! पण त्या एका दाराने माझी अशी पिसं काढली म्हणून सांगू...

थांबा, मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. कुत्र्याचं नाव मुकादम कसं, असंच वाटलं ना तुम्हाला? त्याचं असं आहे, की हा पिल्लू असल्यापासून स्वतः काडीचं काम करत नाही, पण दुसरं कोणी करत असलं की समोर येऊन बसतो. मी पंखा पुसतोय, हा बघतोय. बायको कपाट आवरतेय, हा बघतोय. आणि मधेच एक सुस्कारा सोडतो... म्हणजे, 'जमत नाही तर कशाला हातात घेता?' चपलांच्या खोक्यातून घरी आणला होता त्याला. पहिल्या रात्री कुंईकुंई केलं म्हणून बायकोने उचलून पलंगावर घेतला. "आजच्या दिवस हो," म्हणाली. तुम्हाला सांगतो, तो आजचा दिवस सात वर्षं चालला! आणि खोक्यातलं ते पिल्लू वाढत वाढत असं झालं, की पलंगावर तो झोपायचा आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही दोघं, एका कुशीवर, कूस बदलायची तर आधी एकमेकांना कल्पना देऊन!

पण तक्रार नव्हती हो. खरंच नव्हती. तक्रार सुरू केली बायकोच्या छातीने.

बायको शाळेत शिकवते. दिवसभर बोलायचं काम. तिला खोकला लागला तो लागलाच. फळ्याकडे वळली की खोकला, जिना चढली की खोकला, पहाटे तर अशी धाप लागायची की मी नुसता पाठीवर हात ठेवून बसून राहायचो, दुसरं काय करणार? गेलो छातीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी फुंकायला लावलं, फोटो काढले, खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "केस."

मी आपला डोक्यावरून हात फिरवला.

"तुमचे नाही हो. घरात जनावर आहे का? कुठे झोपतं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चोरी पकडल्यासारखं.

"झोपायच्या खोलीत त्याचा केससुद्धा दिसता कामा नये," डॉक्टर म्हणाले. "महिन्याने परत या. फरक पडला नाही तर मग कुत्र्याला घरातच ठेवता येणार नाही. बाई, फुप्फुसं बदलून मिळत नाहीत."

आता हे ऐकायला तिथे मेव्हणाही होता, तोच गाडीने घेऊन गेला होता ना आम्हाला! माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लोखंडी पाइपांचा धंदा. माणूस वाईट नाही, पण कुठलाही प्रश्न दिसला की तो टेम्पोत घालून गोडाऊनवर नेऊन टाकावा असं त्याला वाटतं. बाहेर पडल्या पडल्या म्हणाला, "दाजी, मला द्या. मला राखणदार पाहिजेच आहे. पत्र्याची शेड आहे, साखळी आहे, मोठी आहे साखळी, मजेत राहील!"

मजेत! साखळीला! अहो, जो प्राणी जमिनीवर चादर टाकल्याशिवाय बसत नाही तो पत्र्याच्या शेडमध्ये?

बायको घरी आली आणि धुतलेले कप परत धुवायला लागली. तेव्हाच मी म्हटलं, "अगं, देतंय कोण? बाहेर झोपायला शिकवू की. आहे काय त्यात? मधे फक्त एक दार!"

बोलून गेलो हो. जीभच ती!

पहिल्या दिवशी काय केलं, हॉलमध्ये छान गादी घातली, त्याला तिथे बसवलं, थोपटलं, आत आलो, दार लावलं. झालं! मला वाटलं, संपलं. तर बाहेरून आधी एक नख. दारावर. खर्र... मग शांतता. मग दोन नखं. मग जो सूर लागला, तुम्हाला सांगतो, ते रडणं नव्हतंच, ती चौकशी होती! 'कोणी लावलं दार? कोणाला विचारून लावलं? आत काय चाललंय?' खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने छत ठोकायला सुरुवात. वरून हा, खालून दांडा, आणि शेजारी बायको उशीत तोंड घालून खोकतेय की रडतेय तेच कळेना. उघडलं दार. काय करणार? तो आला, पलंगावर चढला आणि सुस्कारा सोडला... 'हे असं नसतं करायचं.'

मग आणली ट्रेनरबाई. कुत्र्यांना वळण लावणारी. मला वाटलं शिट्टी असेल, काठी असेल, दरारा असेल. तर ही एवढीशी पोरगी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि बोलणं असं हळू की आपणच वाकावं. मुकादमाकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणते, "सर, दार लावताना तुमच्या मनात काय असतं?"

"झोप!"

"नाही. भीती असते. त्याला ती कळते."

"मला कसली भीती?"

तिने नुसतं माझ्या पायाकडे बघितलं. आता माझा धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा, जन्म गेला शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून, त्यामुळे जरा धसका बसला की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. तेव्हाही मी आमच्याच हॉलमध्ये उभा राहून फरशी दाबत होतो!

"मोठा कुत्रा शिकतो, सर," ती म्हणाली, "पण त्याला हाकललंय असं वाटलं तर नाही शिकत. गादी आधी पलंगाखाली. मग दारात. मग दाराबाहेर. आणि सराव दिवसा करायचा. तुम्ही आत जायचं, तो रडायच्या आधी बाहेर यायचं. यायचं कसं? पाणी प्यायला उठल्यासारखं. कौतुक नाही, मिठ्या नाहीत."

मग सुरू झाली आमची कवायत. रोज दुपारी मी आत, मी बाहेर. आत, बाहेर. दार लाव, दार उघड, पाणी प्यायल्यासारखं कर. इतकं पाणी प्यायल्यासारखं केलं की खरंच प्यायला लागलो! मुकादम गादीवर पंजांवर हनुवटी टेकून बघतोय. कशासाठी चाललंय, कोणाला ठाऊक, पण काम दुसरा करतोय ना, मग झालं! बायको खुर्चीवर बसून हसायची, हसता हसता खोकायची, खोकली की दोघांचे चेहरे खर्रकन उतरायचे... माझा आणि त्याचा.

दिवसा सगळं छान हो! दुपारी तास तास एकटा झोपायचा. पण अंधार पडला की शिकवलेलं सगळं पुसलेलं. गादी दारात सरकली तर हा गादीसकट परत पलंगापाशी. दार थोडं लोटलं तर फटीत नाक. पुढे पुढे दाराबाहेर राहायला लागला, रडणं थांबलं, तर उसासे सुरू झाले! बाहेरून उसासा आला की आतून बायकोचा उसासा, आणि दोघांच्या मधे मी, डोळे सताड उघडे. मधे फक्त एक दार... पण ते लावणारा मी, उघडणारा मी आणि दोन्हीकडून शिव्या खाणाराही मीच!

आणि मग तो प्रसंग. नाही, हसू नका. मला अजून घाम फुटतो.

माझ्याकडे एक दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी शिकायला येतात. अतिशय आज्ञाधारक. वळा म्हटलं की वळणार, थांबा म्हटलं की थांबणार, स्वतःहून काही म्हणजे काही करणार नाहीत. त्या दिवशी चौकात मी म्हटलं, "सरळ." आणि माझा डोळा लागला. मला कळलंच नाही हो! जाग आली तर बाहेर ना दुकान, ना घर, ना माणूस. दोन्ही बाजूंना उजाड माळ.

"बाई... आपण कुठे आहोत?"

"सर, तुम्ही सरळ म्हणालात."

"मग?"

"मग काहीच म्हणाला नाहीत."

आणि समोर ट्रक! उभा! बाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले, पाय ब्रेक शोधतायत, सापडतोय तो वेगाचा, गाडी आणखी पळतेय... मी माझ्या बाजूचा ब्रेक असा दाबला की सीटवरून उचलला गेलो. थांबली गाडी. ट्रकच्या मागच्या फळीवरचे खिळे दिसत होते मला. एकेक! मग बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "सर, जबडा सैल सोडा. दात फुटतील."

घरी आलो तो थेट फोन उचलला. मेव्हण्याला म्हटलं, "रविवारी सकाळी ये. घेऊन जा."

बायको दारात उभी होती. मी म्हटलं, "अगं, आज एक बाई मेली असती माझ्यामुळे. तुझी छाती अशी, माझं हे असं... कोणासाठी करायचं?" तिला वाटलं असेल भांडावं. नाही भांडली. मुकादमाची वाटी उचलली, पुसली, पिशवीत भरली. त्याचा टॉवेल घडी घालून भरला. आणि तो समोर बसून बघतोय! सामान कोणाचं भरलं जातंय, काही पत्ता आहे का त्याला?

शनिवारी मी गादी हॉलमध्ये टाकली, दार लावलं. सराव म्हणून नाही, नुसतं हात सवयीने करतात तसं. पडलो. नख नाही. उसासा नाही. मी वाट बघतोय... काही नाही. तुम्हाला सांगतो, आरडाओरड्याने कधी इतका घाबरलो नव्हतो! उठलो, दाराला कान लावला. तर बायको आधीच तिथे, कान लावून!

"श्वास ऐकू येतोय का?" ती.

"तू बोलतेस म्हणून येत नाही."

"दार उघडू नका हं. शिकवलंय ना ट्रेनरबाईंनी."

"मी कुठे उघडतोय? कडीवर हात तुझा आहे!"

असे आम्ही दोन शहाणे दाराला चिकटून उभे, आणि तो पलीकडे उजाडेपर्यंत निवांत झोपला. एकटा! सकाळी उठून आला, आळस दिला. 'काय, झोप लागली नाही वाटतं?'

बायको म्हणाली, "झोपला ना? मग सांगा माझ्या भावाला येऊ नको म्हणून." मी फोन लावतोय, तो उचलत नाही, गाडी चालवताना कसा उचलणार? खाली हॉर्न वाजला! मी चपला शोधेपर्यंत, गाडीचा शौकीन प्राणी तो, माझ्या आधी जिना उतरून खाली! मी पोचलो तर महाराज टेम्पोत, पुढच्या सीटवर, काचेतून रस्ता तपासतायत. आणि मेव्हणा साखळी हातात घेऊन खूश. "बघा दाजी, स्वतःहून बसला!"

"उतरव त्याला."

"अहो, तुम्हीच बोलावलंत."

"मीच नको म्हणतोय."

"दाजी, ताईच्या जिवाचं बघा. कुत्रा काय, दुसरा मिळेल. बहीण एकच आहे मला."

त्याच्या आवाजात राग नव्हता हो, त्याचे डोळे भरले होते. तिथेच मी जरा ढिला पडलो. आणि तेवढ्यात त्याने गाडी सुरू केली. माझ्या डोक्यात काय आलं कोणास ठाऊक, खिडकीतून अर्धा आत घुसलो आणि किल्लीच काढून घेतली! मीच शिकवलेली गाडी त्याला, किल्ली कुठून कशी निघते मला माहीत! तो ओढतोय, मी ओढतोय, मुकादम मधे बसून दोघांचं काम बघतोय... आणि जिन्यावरून बायको धावत आली. धावत! दोन मजले!

"सोडा!" अशी ओरडली, की शाळेतल्या पोरांसारखे दोघांनीही हात सोडले.

आणि मग आम्ही तिघंही, मुकादम धरून, तिच्याकडे बघतच राहिलो. कारण तिला धाप लागली नव्हती. खोकलीच नाही. आम्ही वाट बघितली. नाही खोकली.

मेव्हणा साखळी गुंडाळत म्हणाला, "ताई... परत ओरड बघू."

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी होतेय, असंच चालू द्या. मुकादम हॉलमध्ये झोपतो, बायको आत झोपते, पोरांवर पूर्वीसारखी ओरडते, सगळं छान! मला वाटलं, चला, आता पलंगावर हातपाय पसरून झोपायचे दिवस आले. आणि पहिल्याच निवांत रात्रीनंतर सकाळी बायको विचार करत म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मला वाटायचं मुकादम घोरतो..."

कळलं ना? तोंडावर काही बोलली नाही, पण संध्याकाळी माझी उशी हॉलमध्ये होती. मी म्हटलं, असू दे, सोबत आहे! टाकलं अंथरूण मुकादमाशेजारी, पाठ टेकली, डोळा लागला असेल नसेल... तर तो उठला. माझ्याकडे बघितलं. सुस्कारा सोडला. आपली गादी दातांत धरली, ओढत ओढत स्वयंपाकघरात नेली, आणि तुम्हाला सांगतो, आतून पायाने दार लोटून घेतलं!