गाडी पाण्यात हाय

शबाना : रडू नकोस, आयेशा. आधी एवढं सांग, दादा बसलेत का उभे आहेत?

आयेशा : उभे आहेत. अम्मी, होडी कशी काय सुटली गं? मी नुसता दादांचा फोटो काढत होते. मान वर केली तर काठ लांब गेलेला.

शबाना : होडीची कडीच उपटून आलीय, लाकडासकट. दोरी इथं खुंटाला तशीच आहे.

आयेशा : अब्बूंना सांग ना!

शबाना : अब्बू कधीच पळालेत. त्या टोकाला मासे धरणाऱ्यांच्या बोटी आहेत, मोटरच्या. स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला आणि पळाले. येतीलच. माझा फोन नीट धर तू, पाण्यात पडू देऊ नकोस.

आयेशा : तुझ्या मागं एवढ्या बोटी आहेत की. ती मोठी लाँच सोडायला सांग.

शबाना : तिच्यात इंजिन नाही, बेटा. धरण बांधतानाची आहे म्हणे, बघायला ठेवलीय. गलबत तर कोकणातनं आणून जमिनीवरच उभं केलंय. या जुन्या बोटींच्या पार्कची चालती बोट एकच, ती लोकांना घेऊन पक्षी दाखवायला गेलीय. इथं सगळं बघायचंच आहे, कामाचं काही नाही.

आयेशा : मग आम्हाला कशाला बसवलं हिच्यात?

शबाना : बांधलेली आहे, फोटोपुरतं बसा, म्हणाला तो पार्कचा माणूस. आणि मीच तुला म्हणाले, जा, दादांना घेऊन बस घटकाभर. मला जरा पाठ टेकायची होती. ते जाऊ दे आता. त्यांना बसव आधी.

आयेशा : दादा, बसा ना. दादा, खाली बसा.

चांदसाब : जेऊर गेलं का माघारी?

आयेशा : काय?

चांदसाब : जेऊर, जेऊर! मला उतरायचंय. किती येळ झाला, गाडी का थांबंना गेलीय ही?

आयेशा : अम्मी, दादांना ही एसटी वाटतीय.

शबाना : वाटू दे. फोन स्पीकरवर टाक. वारा लई आहे, मला नीट ऐकू येईना.

आयेशा : टाकला. अम्मी! दादा कडेला चाललेत. एक पाय वर टाकलाय!

शबाना : मागनं शर्ट धर! उभी राहू नकोस, खाली बसूनच धर!

चांदसाब : सोड. ए पोरी, सोड म्हंतो न्हवं. अमिना वाट बगत आसंल. ताट झाकून बसली आसंल ती.

आयेशा : दादा, दादी नाहीये आता. दादी वारली की.

चांदसाब : कोण वारली? कोण म्हंतंय? आं? कुणाची पोर हायस तू?

शबाना : तसं नको सांगूस, आयेशा! त्यांना दरवेळी नव्यानं कळतं ते.

आयेशा : हात सोडा दादा, दुखतंय. दादा, मनगट दुखतंय माझं! अम्मी, ते मला ओढायलेत!

शबाना : अब्बा! अब्बा, मी शबाना बोलतेय! ऐकू येतंय का? तिचा हात सोडा, अब्बा!

चांदसाब : कोण शबाना? मी न्हाय वळकत.

शबाना : आयेशा, घरी मी त्यांना काय सांगते? हो म्हणायचं. अम्मा वाट बघतायत, म्हणायचं.

आयेशा : दादी... दादी वाट बघतीय, दादा. ताट झाकून ठेवलंय. पण आपला स्टॉप आला नाही अजून. पुढचा आहे.

चांदसाब : पुडचा व्हय?

आयेशा : पुढचा. आला की मी सांगते तुम्हाला.

चांदसाब : मंग आदी सांगायचं की. उगं उटवलंस मला.

आयेशा : बसले, अम्मी. फळीवर बसलेत.

शबाना : शाब्बास माझी वाघीण. तू काय धरून बसलीयेस?

आयेशा : कड. अम्मी, मला तू दिसत नाहीयेस. सगळी माणसं सारखीच दिसायलीत.

शबाना : थांब. मी गलबतावर चढते. हे बघ, शिडी आहे. चढायला मनाई केलीय, तो माणूस ओरडायलाय, ओरडू दे. चढले. आता बघ, हिरवी ओढणी हलवतेय. दिसली?

आयेशा : दिसली. छोटीशी.

शबाना : मग झालं. मी इथनं हलत नाही. तू मला दिसतीयेस.

आयेशा : अम्मी, तुला भीती वाटतीय का?

शबाना : नाही गं. कशाची भीती? अब्बू निघालेत. ते बघ, त्या टोकाला माणसं बोट ढकलायलीत.

आयेशा : अम्मी, बुटात पाणी गेलं.

शबाना : उडालं असंल लाटेनं.

आयेशा : उडालं नाही. खालून येतंय. फळ्यांच्या मधनं. बुडबुडे यायलेत.

शबाना : या अल्लाह.

आयेशा : काय करू? अम्मी, बोल ना, काय करू?

शबाना : तुझ्या पिशवीत डबा आहे ना, दुपारचा? त्यातलं सगळं पाण्यात फेक. त्या डब्यानं पाणी काढ. भर आणि बाहेर टाक. थांबायचंच नाही.

आयेशा : काढतेय. फोन फळीवर ठेवलाय. अम्मी, मी काढतेय, पण ते परत येतंय.

शबाना : येऊ दे. तू काढत रहा.

चांदसाब : हे काय? पाय वले झाले माजे. ही कसली गाडी हाय? मी उतरतो हितंच. चालत जाईन.

आयेशा : अम्मी, परत उठले! होडी हलतीय! पाणी वरनं पण आत आलं! दादा, स्टॉप आला नाही!

चांदसाब : गप. लई ऐकलं तुजं. स्टॉप न्हाय, स्टॉप न्हाय. हितंच उतरायचं मला.

शबाना : अब्बा, बसा हो! तुमच्या पाया पडते, बसा! अगं माझं ऐकेनात ते. आयेशा, तू मधोमध बस. ते पडले तर... तू त्यांच्या मागं जायचं नाही. ऐकलंस? काही झालं तरी नाही. त्यांना सोडायचं.

आयेशा : अम्मी, तू डेपो हो.

शबाना : काय?

आयेशा : डेपो हो डेपो! दादा ड्रायव्हर होते ना? दादा, दादा, ऐका. गाडी पाण्यात आहे. ओढ्याला पाणी आलंय, आणि आपली गाडी ओढ्यात अडकलीय. डेपोतनं फोन आलाय तुम्हाला.

चांदसाब : गाडी पाण्यात?

आयेशा : हे बघा की, सगळीकडं पाणी. आत पण शिरलंय.

चांदसाब : व्हय की. आरं, व्हय की. कुणी घातली गाडी पाण्यात? मी घातली?

शबाना : ड्रायव्हरसाहेब, डेपोतनं बोलतेय.

चांदसाब : कोण? बाई हाय का कंट्रोलरला?

शबाना : नवीन आलेय. तुमची गाडी ओढ्यात अडकल्याचं कळलंय आम्हाला. काय परिस्थिती आहे?

चांदसाब : वडा फुगलाय सायेब. बाईसायेब. इंजिन बंद पडलंय. आवाजच न्हाय इंजिनाचा.

शबाना : कुणाला उतरू देऊ नका.

चांदसाब : ते मला सांगावं लागतंय व्हय? पाण्यात गाडी आसताना कुणी उतरत आसतंय का? वडीत जातंय माणूस. ए पोरी! खाली बस. हिकडं, माज्याकडं सरक. कडंला बसू नगंस, गाडी कलंडंल.

आयेशा : बसले, दादा.

चांदसाब : एकटीच हायस का? बाकीचे पॅशिंजर कुटं गेले?

आयेशा : मी एकटीच आहे. शेवटची.

चांदसाब : मंग भ्यायचं न्हाय. माजी गाडी एकदाबी बुडली न्हाय. आन तो डबा हिकडं. आसं काय चमच्यानं वाडल्यावानी करतीयास? भरून घे, लांब टाक. बग आसं.

आयेशा : अम्मी, दादा पाणी काढायलेत. जोरात काढायलेत.

शबाना : मी डेपो आहे, आयेशा. अम्मी म्हणू नकोस.

आयेशा : डेपो, पाणी घोट्याच्या वर आलंय.

शबाना : कळलं. मदतीची गाडी निघालीय. मोटरचा आवाज येतोय का तुम्हाला?

आयेशा : नाही. नुसता वारा.

शबाना : मला इथनं दिसतेय. अब्बू पुढं उभे आहेत. म्हणजे... आपला माणूस पुढं उभा आहे, लाल शर्टातला. तुमच्याकडंच यायलेत. ड्रायव्हरसाहेब, अजून थोडा वेळ धरा.

चांदसाब : धरलंय की. हात दुखायलेत, पर धरलंय. ए पोरी, तू का कापायलीस?

आयेशा : थंडी वाजतीय.

चांदसाब : थंडी न्हवं ही. ये, हितं काखंत ये माज्या. दुवा येती का तुला एखादी?

आयेशा : येते.

चांदसाब : म्हण मंग. मोट्यानं म्हण, मला पाट न्हाय ऱ्हायली. मी पाणी काडतो.

शबाना : आयेशा? आयेशा, आवाज येईना झालाय तुझा. आयेशा!

आयेशा : म्हणतेय, अम्मी. तोंडातल्या तोंडात. मोटर ऐकू आली! दादा, अब्बू आले! अब्बू!

शबाना : हात हलवायला उठू नकोस! बसून रहा. बोट जवळ आली की लाट येईल, खाली वाक. दोघं वाका!

आयेशा : आली... आई गं! पाणी! अम्मी, कडेपर्यंत आलं पाणी!

शबाना : आयेशा!

चांदसाब : आदी पोरीला घ्या. ए भावा, मला धरू नगं, आदी पॅशिंजर. हां, उचल तिला. वर घे. घेतली?

आयेशा : अम्मी, मी वर आले. अब्बूंनी उचललं मला. फोन भिजलाय. ऐकू येतंय ना?

शबाना : येतंय. येतंय, माझ्या राणी. दादा?

आयेशा : दादा येईनात. अब्बू हात देतायत तर दादा मागं सरायलेत. गाडी सोडून कसा येऊ, म्हणतात. अम्मी, होडीचं एक टोक पाण्याखाली गेलंय. अब्बू होडीत उडी टाकायला निघालेत, बोटवाले सोडेनात. होडी उलटेल म्हणतात.

शबाना : मला त्यांच्याशी बोलू दे. फोन पुढं कर. लांब कर हात. ड्रायव्हरसाहेब!

चांदसाब : बोला.

शबाना : डेपोतनं बोलतेय. गाडी सोडा.

चांदसाब : न्हाय बाईसायेब. सरकारी गाडी हाय. सोडून गेलो तर उद्या साऱ्या खात्यात बोभाटा. चांदसाब गाडी टाकून पळाला, म्हंतील.

शबाना : कुणी म्हणणार नाही. मी सांगेन सगळ्यांना, मी हुकूम दिला होता. गाडी लोखंडाची आहे, ओढा उतरला की काढू. तुम्ही या.

चांदसाब : पॅशिंजर समदे उतरले?

शबाना : सगळे उतरले. सुखरूप आहेत. तुम्हीच काढलेत त्यांना.

चांदसाब : नक्की? बाकाखाली कुणी न्हाय ना? पोरं लपत्यात बाकाखाली.

शबाना : कुणी नाही. आता तुमची पाळी. त्या लाल शर्टवाल्याच्या हातात हात द्या. त्याला मी पाठवलंय. आपलाच आहे तो.

चांदसाब : चेहरा वळकीचा वाटतोय जरा.

शबाना : द्या हात, अब्बा. द्या.

आयेशा : दिला! अम्मी, दिला हात! घेतलं वर. अम्मी, आले दादा. आले.

(काठावर. गलबताच्या सावलीत चटई अंथरली आहे. चांदसाब चादर पांघरून बसला आहे, आयेशा थोडी लांब उभी.)

शबाना : इकडं ये. डोकं पुसू दे. अशी काय उभी राहिलीयेस?

आयेशा : होडी पूर्ण गेली, अम्मी. आम्ही निम्म्या वाटेत होतो. मी मागं बघितलं तर नव्हतीच.

शबाना : नको बोलूस. हात बघू तुझा. हे काय, मनगट काळंनिळं झालंय.

आयेशा : दादांना सांगू नकोस.

शबाना : नाही सांगत. त्यांना आता काही आठवायचंही नाही.

आयेशा : तू वरनं म्हणालीस, ते पडले तर सोडून दे.

शबाना : म्हणाले.

आयेशा : दादांनी ऐकलं असेल का? स्पीकर चालू होता.

शबाना : नाही माहीत, बेटा. मला तेव्हा तुझ्याशिवाय काही दिसत नव्हतं. ओढणी हलवताना भीतीनं तोल जायला लागलेला, त्या माणसानं शेवटी मागनं धरलं मला.

आयेशा : तू तर म्हणालीस, भीती नाही वाटत.

शबाना : खोटं म्हणाले. आपण दोघीही सारखंच खोटं बोलायलो होतो.

चांदसाब : ओ बाई.

शबाना : काय, अब्बा? चहा हवा का अजून?

चांदसाब : ती पोरगी कुणाची हाय? मघापासनं तितं भिजून उबी हाय. कुणी बगंना गेलंय तिच्याकडं.

शबाना : तुमचीच आहे. तुमच्या शाकीरची लेक. तुमची नात.

चांदसाब : माजी?

शबाना : तुमची.

आयेशा : आयेशा, दादा.

चांदसाब : मंग तितं लांब का उबी? ये की हितं. ही चादर लई मोटी हाय मला.