मुखपृष्ठावरचा माणूस

परवा पिंपळे गुरवच्या वाचनालयात मी एका लेखिकेची मुलाखत घेत होतो, तेव्हाची गोष्ट. चाकणचे कारखाने ओढ्यात काय काय सोडतात, यावर त्यांचं पुस्तक होतं.

मी विचारलं, "कामगार बोलायला घाबरले नाहीत?"

"घाबरले ना. कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून मी सगळ्यांची नावं बदलली."

टाळ्या पडल्या. मागून एक बाई पुस्तक घेऊन उठल्या. मुखपृष्ठावर ओढ्यात पिंप ओतणाऱ्या कामगाराचा फोटो होता.

"हे आमचे मिस्टर."

लेखिका खूश झाल्या. "अरे वा, आज आले नाहीत?"

"घरीच असतात आता. पुस्तक आल्यावर कंपनीनं काढलं."

लेखिका पुटपुटल्या, "पण मी तर नाव बदललं होतं."

"नाव बदललंत, ताई. तोंड तेच ठेवलंत."