शेडमधले चारशे घोडे

"फुटलं सर. पार फुटलं. आता मी काई—" बस, भिंतीपलीकडून कल्याणचं फोनवरचं एवढंच ऐकू आलं मला. पुढं काय म्हणला त्ये ऐकायच्या आत गिरणीवाल्यानं चक्की चालू केली अन् बाकीचं सगळं गेलं पिठात. आता भिंतीला कान लावून न्हवते बसले मी, तसा गैरसमज नका करून घेऊ. मिरच्या उलट्यापालट्या करत होते. ऊन भिंतीपाशीच येतं, मंग मिरची बी तिथंच वाळणार, त्याला मी काय करू? पण फुटलं म्हणला, ह्ये माझ्या कानानं ऐकलंय. मंग दुसरं काय फुटणार? इंजिन. अन् इंजिन फुटलं म्हणल्यावर ती पुण्याची रेसवाली माणसं त्याला ठेवतील व्हय? हाकललं असणार. मी आपलं तसं समोरच्या शिवकन्येला बोलले — अन् शिवकन्येला एक गोष्ट सांगितली की भोकरदनात दवंडी पिटायची गरज उरत न्हाई.

बसा की भाऊ, उभे कशाला. कल्याण जालन्याला गेलाय, कुठला तरी लोखंडी दांडा मोजून आणायला, येईलच आता बसनं. चहा घ्या तवर. तुम्ही बी जालन्याचेच ना, भंगारवाले? मागं रिकामा टेम्पो उभा केलाय, त्यावरून वळखलं मी. लई बराबर टायमाला आलात. उचला त्ये त्याच्या शेडातलं सगळं अन् घाला तुमच्या भट्टीत. निदान सळया तरी होतील, कुणाच्या स्लॅबला लागतील. आत्ता काय कामाचं हाये त्ये? चारशे घोड्यांची ताकद म्हणे. चारशे. अन् ह्या रोडवर एक म्हैस आडवी बसली की चारशेच्या चारशे घोडे उभे.

मी सातवी शिकलेली बाई, पण तुम्हाला सांगते, त्या इंजिनाचं सगळं पोटपाणी मला ठाऊक हाये. त्यानंच सांगितलंय. पलीकडं शेडातच एकटा राहतो, आई केदारखेड्याला शेतात, मंग दोन टायमाची भाकरी मीच देते मधल्या दारातून. खाता खाता त्याचं तोंड चालू. काकू, पिस्टन बघा. काकू, ह्ये टर्बो बघा. टर्बो म्हंजे काय, तर गोगलगाईसारखा लोखंडी डबा. इंजिनाचा धूर वाया जाऊ द्यायचा न्हाई, त्याच्या जोरावर आतला पंखा फिरवायचा, अन् त्या पंख्यानं इंजिनाच्या नरड्यात हवा कोंबायची. मी म्हणलं, हवा फुकट भेटती म्हणून एवढी कोंबायची का रे? तर हसला. पिस्टन तर सोनारासारखा तोलायचा, चारी बराबर एका वजनाचे पाहिजेत, एक ग्रॅम इकडं तिकडं चालत न्हाई. चार पिस्टन तोलायला चार दिवस. माझ्या घरी मिठाचा अंदाज बी मी हातानं घेते, कुणी मेलं न्हाई अजून. बरं, इंजिन झालं तर म्हणला, एवढी ताकद जुना गिअरबॉक्स सोसणार न्हाई, दात पाडून घेईल. मंग गिअरबॉक्स नवा. मंग क्लच. मंग मागच्या चाकांचे दांडे. म्हणलं, पोरा, बुटासाठी धोतर अन् धोतरासाठी नवरदेव बदलायला निघालास तू.

अन् ह्ये सगळं कशासाठी, तर गाडीनं गोल गोल पळायचं. तिकडं दक्षिणेत एक गोल रस्ता केलाय म्हणे, त्याच्यावर वीस फेऱ्या मारायच्या अन् जिथून निघाले तिथंच येऊन थांबायचं. जायचं कुठंच न्हाई. इथं शेडात तर त्याहून भारी, जमिनीत रोलर बसवलेत, त्याच्यावर गाडी जागच्या जागी पळती. काटा दोनशेवर अन् गाडी शेडात. दोनशेनं पळून बी केदारखेडा येत न्हाई. आवाज असा की माझ्या मांडणीवरच्या परातींनी एकमेकींशी बोलायला सुरुवात केल्ती.

हसता काय? खरं सांगून राह्यले.

न्हाई? भंगारवाले न्हाई तुम्ही? मंग कोण?

अगंबाई. म्हंजे ज्यांची गाडी, ते पुण्याचे… ते तुम्हीच का? मंग आधी बोलायचं ना साहेब. मी बोलत बसले अन् तुम्ही ऐकत बसले. बरं. असू द्या. जे बोलले ते तोंडावर बी बोलले असते, माझं काय मागं एक पुढं एक असं नसतं. पण एक सांगा, भोकरदनच्या पोराकडं इंजिन बांधायला देता, तर फुटल्यावर लगेच हाकलायचं का? पुण्यात कुणाचं फुटतच न्हाई वाटतं?

काय? त्यानंच लिहिलं? दाखवा. चष्मा कुठं गेला माझा… वाचा तुम्हीच. "माझ्या हातून चूक झाली, पण कुठं झाली त्ये मला सापडत न्हाई. ज्याला आपली चूक सापडत न्हाई त्यानं इंजिन बांधू नये. तुमचं सामान घेऊन जा. मी ह्ये काम सोडतो." …सोडतो म्हंजे? कायमचं? येडंय का ह्ये पोरगं. अन् तुम्ही लगेच टेम्पो घेऊन आलात. दुसरा बांधणारा ठरवला बी असंल. आज सामान गेलं की झालं, उद्यापास्नं ह्यो पाण्याच्या जळक्या मोटारी भरत बसणार अन् लोक म्हणणार, बघा, ह्योच त्यो, रेसचं इंजिन फोडणारा.

आठ दिवस झाले साहेब, त्यो एकेक नट खोलून राह्यला. मी भाकरी नेऊन ठेवते, ती तशीच. पिस्टन पुन्हा मोजतो, झडपा पुन्हा मोजतो, काचेवर ठेवून सपाट हाये का बघतो. आज इंजिनातला त्यो मोठा दांडा चादरीत गुंडाळून जालन्याला नेलाय, तिथल्या वर्कशॉपात मोजायला. मी विचारलं काय शोधतो रे? तर म्हणला, काकू, टर्बोवर पाण्याचे डाग हायेत, म्हंजे आतून कुठून तरी पाणी झिरपलं. त्ये कुठून आलं त्येच सापडत न्हाई.

फोटो? ह्यो फोटो त्या टर्बोचाच? मोठा करा जरा. हां, ही तड. केवढी गेली बघा, कानापासून हनुवटीपर्यंत. अन् ह्ये पांढरे ओघळ…

त्ये पाणी आतून न्हाई आलेलं साहेब.

न्हाई, काई न्हाई. चहा गार झाला तुमचा. मी आपली अडाणी बाई, मला काय कळतंय त्यातलं. पांढरे डाग म्हंजे खारं पाणी, एवढं कळतं. आमच्या बोअरचं पाणी असंच हाये, हंड्यावर बी असेच ओघळ उठतात. इंजिनात तर त्यो हिरवं पाणी घालतो, विकतचं, त्याचे डाग पांढरे कसे पडतील. ह्ये त्याला का सुचलं न्हाई कुणास ठाऊक. एवढा शिकलेला. चूक आपलीच असणार, ह्ये धरूनच बसलाय.

असं बघू नका माझ्याकडं.

मागल्या मंगळवारची गोष्ट हाये. दुपारी लाईट गेली. त्याच्या गाडीपुढं चालायचा त्यो मोठा पंखा बंद पडला अन् शेडात अंधार. मी मधल्या दारातून भाकरी घेऊन गेले, तर बघते काय — गाडीचं टोपण वर, अन् आत त्यो टर्बोचा डबा लालभडक. लाल म्हंजे चुलीतल्या इंगळासारखा, आरपार. अन् कल्याण आत बसलेला, कानाला आवाज अडवायचे त्ये मोठे टोपरे, टोपण वर असल्यामुळं त्याला पुढचं काई दिसत न्हाई. मला वाटलं पेटलं. पेट्रोल हाये, आता भडका उडणार अन् पोरगं आत जळणार. ओरडले, त्याला ऐकू येईना. दाराशी बोअरच्या पाण्यानं भरलेली बादली होती. मारली.

साहेब, आवाज कसला झाला माहितीये? टण्. माझ्या सासूबाईंचा बिडाचा तवा होता, नवी नवरी असताना तापलेल्या तव्यावर मी पाणी ओतलं होतं, तर असाच आवाज झाल्ता. तडकला तवा. वर्षभर ऐकून घेतलं त्याच्यापायी. म्हंजे मला कळत न्हवतं असं न्हाई. कळत होतं. आवाज आला अन् त्याच घडीला कळलं. वाफच वाफ झाल्ती, त्या वाफेतूनच मी घरात आले अन् दार लावून घेतलं. अन् दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून फुटलं फुटलं ऐकलं, तर शिवकन्येकडं जाऊन काय म्हणले? त्यालाच बांधता येत न्हाई म्हणले. आठ दिवस म्हणून राह्यले. जितकं जास्त म्हणले तितकं मलाच खरं वाटाय लागलं. थू अशा तोंडाला.

जोर लागला की त्यो डबा लाल होतोच म्हणता? मंग इंजिन? इंजिनाला काईच न्हाई झालं? खरंच? फक्त त्यो डबा बदलायचा? म्हंजे फुटलं त्ये खरं, पण इंजिन न्हाई. अन् हाकललं त्ये बी तसं न्हाई, त्यानंच सोडलं. अर्धी बातमी बराबर निघाली म्हणायची माझी. बाकीची अर्धी मीच बादलीनं केली.

तुम्ही सांगता त्याला? तुम्ही सांगा ना साहेब, तुमचं ऐकंल… न्हाई म्हणता. बरं. मान नका हालवू, कळलं मला.

त्यो बघा, स्टँडवरनं रिक्षा करून आला. दांडा कसा धरलाय, तान्हं लेकरू दवाखान्यातून आणल्यासारखा. तोंड बघा. मोजून आणलं असंल अन् सगळं बराबर निघालं असंल, म्हणून अजूनच पडलंय.

तुम्ही उठा आता. टेम्पोवाल्यापाशी जाऊन उभे राहा, इथं नका थांबू, मला तुमच्यापुढं बोलता यायचं न्हाई.

कल्याण. शेडाचं कुलूप नंतर काढ. आधी इकडं ये, माझ्यापाशी बस.