समोरच्या माहेराचे पत्रे

नाही, पण मला एक सांगा, माणसानं अर्धं वाक्य बोलून चक्की चालू करावी का? आधी बोलणं संपव, मग दाब ना बाबा बटण! तुम्हाला सांगते, मंगळवारी सकाळी मी ज्वारीचा डबा घेऊन सुकदेवभाऊच्या चक्कीवर उभी, आणि सुकदेवभाऊ खांद्यानं फोन कानाशी दाबून कोणाशी तरी बोलतोय… मी ऐकत नव्हते हं, लोकांच्या फोनचं मला काय करायचंय! पण कानाला काय झाकण असतं का? तर तो म्हणतो, "हो हो, गुरुवारी वादळ येतंय म्हणे… मग त्याच्या आधीच योगेंद्र मंजुळाअक्काला धुळ्याला घेऊन जातोय, कायमची… हां, आणि तिचं ते जे घर आहे ना, ते…" आणि खटॅक! चक्की चालू!

ते काय? विकलं? भाड्यानं दिलं? पाडणार? मी ओरडले, "सुकदेवभाऊ, घराचं काय म्हणत होतात?" तर पिठानं पांढरी झालेली पापणी उचलून मला विचारतो, "जाड की बारीक?" काय बोलायचं अशा माणसाशी! डबा उचलला, घरी आले, आणि पोळपाटावर भाकरी थापताना लक्षात आलं की दळण जाड आलंय. बोललेच नव्हते ना मी काही.

आता तुम्ही म्हणाल, दिपमालाबाई, समोरची म्हातारी धुळ्याला गेली काय न् काशीला गेली काय, तुम्हाला काय करायचंय? बरोबर आहे. मला काय करायचंय! पण जरा बसा, ऐकून तर घ्या.

माझं माहेर यावलचं. वडील लवकर गेले, आई गेली त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली, भाऊ सुरतेला गेला तो तिथलाच झाला. आणि आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे काय असतं ते काय मी तुम्हाला सांगायचं? दिवाळी चुकली तर चालेल, पण अक्षयतृतीयेला लेक माहेरी नाही गेली तर तिच्या तोंडाकडे बघवत नाही. झाडाला झोका, ताटात आमरस, खापरावरची पुरणपोळी… तर आई गेली त्या वर्षी, आखाजीच्या दिवशी मी आपली ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. निवडत कसले, निवडलेलेच पुन्हा निवडत होते. तेवढ्यात समोरून मंजुळाअक्का आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली न् म्हणाली, "पिशवी भर." म्हटलं, कुठं जायचंय अक्का? तर म्हणते, "माहेरले. मी काय मरी गयी का?"

झालं! तेव्हापासून दर आखाजीला मी माहेरी जाते. दोन साड्या, टॉवेल, तेलाची बाटली, सगळं पिशवीत भरते, यांना सांगते, "येते हं परवा," आणि रस्ता ओलांडते. बावीस पावलं! यांची भाजी करपली की त्या ओट्यावरून हे ओरडतात, "अगं, मीठ कुठं ठेवलंय?" आणि मी तोंड उघडायच्या आत अक्काचा आवाज, "जवाईबापू, लेक माहेरले येल शे! दोन दिन तिले काही इचारानं नही!" आणि मी पाय पसरून, डोक्याला तेल लावून घेत, आपल्याच घरातला करपल्याचा वास घेत बसते. सांगते ना, या सुखाला तोड नाही.

म्हणजे आता कळलं का, अक्का गेली तर काय जाणार होतं ते? पन्नाशीत माणसानं दुसऱ्यांदा पोरकं व्हायचं म्हणजे… जाऊ द्या. मला काय करायचंय!

आणि गंमत बघा. आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात, गल्लीत कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कोणाच्या घरी कालपासून अबोला आहे, मला सगळं ठाऊक. विचारायला मी कधी लाजले नाही, यांनी तर माझं नाव 'पिंप्राळा चौकशी खिडकी' ठेवलंय. पण अक्कासमोर उभी राहिले, तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? "अक्का, आज जेवायला काय केलं?" ती म्हणाली, "भाकर नि ठेचा." आले परत. दहा मिनिटांनी पुन्हा गेले. "अक्का, कोथिंबीर आहे का गं?" माझ्या घरात आख्खी जुडी होती हो! तिनं चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझ्याच तोंडावर काहीतरी लिहिलंय. आणि दोन काड्या कोथिंबीर घेऊन मी घरी.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. योगेंद्र आईला का नेतोय? पत्र्याचं घर आहे म्हणून. वादळात पत्रे उडतील, म्हातारी एकटी आहे, म्हणून. बरोबर? मग एकही पत्रा उडालाच नाही तर? तर कोणत्या तोंडानं म्हणेल तो, आई चल? म्हणजे वादळाला अक्काच्या दारातून हात हलवत परत पाठवलं की काम झालं!

इकडे मोबाइल कोकलत होता. आधी यलो अलर्ट, मग ऑरेंज अलर्ट. आमचे हे म्हणतात, "वादळ येतंय का साड्यांचा सेल?" हसा! टीव्हीवर तो बातमीवाला मुलगा गुजरातच्या किनाऱ्यावर उभा, केस उडतायत, छत्री उलटी, शब्द ऐकू येत नाही… हे म्हणाले, "समुद्र कुठं, जळगाव कुठं!" मी म्हटलं, वाऱ्याला काय तिकीट काढावं लागतं? उठा, शिडी काढा.

"आपल्या टाकीचं झाकण बांधायला?"

"आपल्या टाकीला काय धाड भरलीय! अक्काच्या पत्र्यावर चढा."

बुधवारी दुपारी, पंचेचाळीसच्या उन्हात, डोक्याला पंचा बांधून, तुम्हाला सांगते, हा देवमाणूस चढला. पत्रा असा तापलेला की एक पाय ठेवायचा, दुसरा उचलायचा, लांबून बघणाऱ्याला वाटावं गिरधरभाऊ वर लेझीम खेळतायत. मी खालून विटा देतेय. विटा संपल्या. मग वाळूच्या दोन गोण्या. त्याही संपल्या. मग मी घरात गेले आणि माझा पाटा घेऊन आले. माझ्या सासूच्या वेळचा! हे वरून म्हणतात, "अगं, मसाला वाटायचाय का वर?" म्हटलं, ठेवा गुपचूप. तेवढं बघून कोपऱ्यावरची पार्वताबाई आली, म्हणाली, "आमचाही पाटा नेता का? मिक्सर आल्यापासून नुसता पायाला लागतो." मग तिच्या पलीकडची जातं घेऊन आली. मग कोणी खलबत्ता, कोणी शिवणयंत्राचं लोखंडी पायडल… अहो, घराघरातून बेकार पडलेली म्हातारी वजनं निघाली, सगळ्यांना काम लागलं! देवानं म्हणे एकदाच पर्वत उचलला होता, आमच्या गिरधरनं त्या दिवशी सोळा पाटे उचलले, आणि वर माझी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आणि अक्का? लिंबाखाली बाजेवर बसून पदरानं वारा घेत बघतेय. "काय चाली राहिनं वं माय?" म्हटलं, काही नाही अक्का, तयारी. मग मी आत शिरले. तिचं आधार कार्ड, पासबुक, बीपीच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या कोठीत ठेवलं. हंडे भरले, कळशा भरल्या, तांबे भरले, वाटीसुद्धा भरून ठेवली एक. खिडकीला पोतं ठोकलं. बॅटरी, मेणबत्त्या, काडेपेटी, बिस्किटं. दाराला आतून लावायला लाकडाचा दांडा. नायलॉनच्या दोरीनं आख्खं घर लिंबाला बांधलं, गाय बांधतात तसं! हे शिडीवरून उतरले, घाम पुसला न् एवढंच म्हणाले, "दिपमाला, घराला बांधशील. माणसाला कसं बांधशील?"

यांना कसं कळलं कोण जाणे. मी म्हटलं, "मला काय करायचंय! मी आपली शेजारधर्म करतेय."

गुरुवार उजाडला. दुपारपर्यंत पान हलेना. मला तर वाटलं वादळ सुरतेलाच मुक्कामाला राहिलं, माझ्या भावासारखं. आणि चारच्या सुमाराला आभाळ जे पिवळं पडलं… तुम्हाला सांगते, हळद कालवलेल्या पाण्यासारखं! मग धूळ, मग वारा, मग धूळ न् वारा मिळून काहीतरी तिसरंच. मी ओट्यावरून ओरडतेय, "अक्काऽऽ, दार लाव! दांडा घाल!" आणि बघते तर काय, दार उघडलं, आणि डोक्यावर पदर घट्ट धरून, हातात पिशवी घेऊन, वाऱ्यात वाकत वाकत अक्का माझ्याकडेच येतेय! धावत जाऊन हात धरला, आत आणली, म्हटलं, अगं, घर एवढं भक्कम करून दिलं न् तू बाहेर कशाला आलीस? तर धापा टाकत काय म्हणते, "वादय येवो का नको येवो, तुना पाटाच मना जीव लेतीन! सोळा दगड टाळूवर ठेईसन कोन झोपी तठे?"

हे सोफ्यावर पडून हसतायत! डोळ्यांतून पाणी! आणि तेवढ्यात वरून धाडकन आवाज. टाकीचं झाकण. गेलं ते गेलंच, अजून सापडलं नाही. मग आठवलं, गच्चीवर पाच किलो ज्वारीचे बिबडे, आपले खानदेशी पापड हो, वाळत घातलेत! खिडकीतून बघते तर माझे बिबडे गल्लीतून असे चाललेत, पाखरांचा थवा जावा तसे, न् त्यांच्यामागून ज्या साडीवर घातले होते ती साडी. मागची खिडकी उघडीच, गादी चिंब, भिंतीवरचं कॅलेंडर पानं उडून ऑगस्टवर. सगळ्या वादळात एकच घर तयारीशिवाय होतं हो, माझं!

अक्का दिवाणावर बसली होती. मी जमिनीवर बसून पाणी पुसत होते, आणि बाहेर एवढा आवाज की कोणाला काही ऐकू जायचं नाही, म्हणून असेल, तोंडातून निघून गेलं, "अक्का, तू खरंच चाललीस?"

ऐकलं तिनं. सोयीनं बहिरी असते एरवी.

"हा," म्हणाली. "योग्या म्हनस, चाल आते धुयाले, देवपूरले." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "तू सारा गावले बठ्ठं इचारस. हाई का बरं नही इचारं? मी दोन दिन पासून वाट देखी राहिंती. आते इचारी, मंग इचारी… नि तू कोथमीर मांगस!"

मग काय, फडकं गादीचं पाणी पुसत होतं की माझं, ते मलाही सांगता येणार नाही. हे उठून स्वयंपाकघरात गेले. त्यांना चहा येत नाही करता. तरी गेले.

चाळीस मिनिटं! एवढंच आलं वादळ. टीव्हीवाला म्हणाला, जोर कमी झाला, आपल्याकडे नुसतं शेपूट आलं. बाहेर येऊन बघतो तर चौकातला बोर्ड आडवा, दोन झाडं पडलेली, आणि अक्काचं घर? एक पत्रा हलला नसेल! तसंच, लिंबाला बांधलेलं, डोक्यावर सोळा पाटे घेऊन उभं. मी मनात म्हटलं, आता ये म्हणावं योगेंद्रला!

आला ना. शुक्रवारी सकाळी, गाडी घेऊन. उतरला, वर बघितलं, म्हणाला, "दिपाताई, हे काय, पाट्यांचं प्रदर्शन भरवलंय का?" माझा बांधच फुटला. म्हटलं, "बघ! नीट बघ! एक पत्रा हलला का? मग कशाला नेतोस तिला कायमची? आणि घर कोणाच्या घशात घालतोयस?"

"कायमची कोण म्हणालं?"

"सुकदेवभाऊ!"

"ताई, तो लोकांच्या पिठात आपलं मीठ घालतो," म्हणाला. "पत्रे काढून वर स्लॅब टाकायचाय. सुकदेवच्या ओळखीचा गवंडी ठरवलाय, त्याच्याशीच तो बोलत असेल. काम होईपर्यंत आई माझ्याकडे. दिवाळीला परत."

घ्या! म्हणजे जाणार, हे खरं. कायमची, हे खोटं. वादळाच्या आधी, तेही खोटं. आणि दिवाळी म्हणाला, पण गवंड्याची दिवाळी कोणत्या साली येते ते तुम्हालाही माहीत आहे न् मलाही. मग पुन्हा शिडी, पुन्हा हे वर, सोळा पाटे खाली, आणि कोणता कोणाचा यावरून बायकांमध्ये जे जुंपलं ते वेगळंच.

जगात लेक गाडीत बसते आणि माहेर दारात उभं राहून डोळे पुसतं. माझं उलटं झालं. माहेर पुढच्या सीटवर बसलं, पट्टा लावला, आणि मी दारात. अक्कानं काच खाली केली, माझा हात धरला, सोडेना. मी म्हटलं, जा गं, धुळं काय लांब आहे, दोन तासांवर. ती म्हणाली, "बावीस पावले व्हतं ना." तिनंही मोजलेली होती हो… मला माहीतच नव्हतं.

आणि गाडी सुरू करता करता योगेंद्र म्हणतो, "दिपाताई, तुम्ही समोरच आहात, जरा कामाकडे लक्ष ठेवाल? आणि स्लॅब टाकून झाला की तेवढं पाणी मारायचं, सकाळ-संध्याकाळ…"

मी म्हणणार होते, मला काय करायचंय! पण ते शब्द त्या दिवशी आलेच नाहीत तोंडात.

मागच्या आठवड्यात स्लॅब टाकून झाला. रोज अक्काचा फोन येतो, "पानी मारं का वं पोरी?" काय सांगू तुम्हाला, लोकांच्या लेकी माहेरी जाऊन आमरस खातात, लोळतात, आईकडून केस विंचरून घेतात… आणि मी बघा, दिवसातून दोन वेळा माहेरी जाते, पदर खोचून, शंभर फुटी पाइप ओढत!