मंगळावर गेलेली हडळ

हसायचं तर हसा, पण मी वाचायला शिकले ती भुताच्या कादंबऱ्यांवर. शाळेची पायरी कधी चढले नाही. त्यातली माझी सगळ्यात लाडकी म्हणजे विहिरीतली हडळ चंपी, जी शेवटी यान चालवत मंगळावर जाते.

परवा बेसा गावची माझी मैत्रीण कुसुम चहाला आली. तीही भुताखेतांची वेडी. तिला चंपीची गोष्ट सांगितली, तर म्हणते, "काहीही काय सांगून राहिली वं? थे हडळ नव्हतीच. विहिरीच्या मालकाचा काका होता, लुगडं नेसून भेव दाखवे."

"मग मंगळावर कोण गेलं?"

"कोणीच नाही गेलं."

मी पुस्तकच तिच्यापुढे आपटलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं.

"अवं, अर्ध्यापासून कागदच वेगळा आहे. बाइंडिंगवाल्यानं दोन पुस्तकं एकात शिवली. मधातच चंपीची डॉक्टर चारुलता झाली, तुले शंका नाही आली?"

"मले वाटलं, मेल्यावर शिकली असन."

अख्ख्या मोहल्ल्याला मी हीच गोष्ट सांगितली होती.

कुसुम म्हणाली, "माह्या घरी पूर्ण पुस्तक आहे. आणून देऊ?"

"राहू दे. एवढी शिकून मंगळावर गेलेली बाई, तिचा आता काका करू काय मी?"