काशीची रेडी

अंबूबाई : अवं, आदी त्या रेडीच्या गळ्यातली दोरी सोडा. मग बोला काय ते.

ज्ञानू : बोलायचं काय ऱ्हायलंय? आज कापणीचा सण. समदी येशूच्या देवळात आपापलं पैलं पीक घिऊन येणार. कुणी कोंबडी, कुणी गुळाची ढेप. आपली रेडी.

अंबूबाई : आपण भोपळा नेऊ की. परड्यात चांगला घागरीएवढा झालाय.

ज्ञानू : भोपळा बोललो न्हवतो मी. आपली काशी म्हस आडली तवा बोललोतो. म्हटलं, देवा, वासरू जितं येऊ दे, ते तुझं.

अंबूबाई : कुणी ऐकलं?

ज्ञानू : ज्यानं ऐकायचं त्यानं.

अंबूबाई : मी कंदील धरून तिथंच हुते. मला न्हाय ऐकू आलं.

ज्ञानू : तुला सांगायला तू काय देव हायस व्हय?

अंबूबाई : देव न्हवं. पर गोठ्यातलं शेण मी काढते.

भरमाप्पा : (दारातूनच) काय गं अंबाक्का, सकाळच्या पारी कसला दंगा? तिकडं गंगावेशीत दूध कट्ट्यावर पैलवान ताज्या धारेसाठी पेलं घिऊन हुबी हाईत. माझी म्हस पिळून मोकळी झाली, तुमच्या काशीचा पत्ता न्हाय.

अंबूबाई : या भरमाण्णा. तुमच्या जोडीदाराला सांगा चार शब्द. रेडी देवाला द्यायला निघाल्यात.

भरमाप्पा : बोललाय न्हवं? मग द्यावी लागती. आमच्यात बी देवाच्या नावानं पोळ सोडत्यात. पर ज्ञानू, रेडी गेल्यावर काशी पान्हा कुणासाठी सोडणार?

ज्ञानू : पेंड घालू पुढ्यात.

अंबूबाई : परवा रेडी जरा आडोशाला बांधली, तर बादलीला लाथ. थेंब दिला न्हाय. कट्ट्यावर काय, तुमचं तोंड बघून पैसं देतील व्हय?

ज्ञानू : शाहूपुरीत हमाली करीन, गुळाचं रवं उचलीन.

अंबूबाई : त्या मोडक्या पाठीनं? आन् तीन पोरं घरात.

भरमाप्पा : मी एक सांगू? तिथं आणलेल्या जिनसांचा सवाल बोलत्यात न्हवं, लिलाव? मी येतो. रेडी सवालात घेतो, सांजच्याला हितं आणून बांधतो. देवाला बी पोचलं, दूध बी ऱ्हायलं.

अंबूबाई : बघा. गळ्यात लिंग हाय, पर आमच्या घरचं भलं कळतंय.

ज्ञानू : भरमाण्णा, तसं करू नगंस बाबा. लेक सकाळी नांदायला धाडली आन् सांजच्याला माघारी आणली, तर त्याला देणं म्हणत्यात का?

अंबूबाई : म्हंजे आमच्यापरास त्यो मोठा.

ज्ञानू : व्हय. त्यालाच खालती बसवला, तर तुला आन् पोरांला कुणाच्या हवाली करू? माझ्या? माझं मलाच निस्तरत न्हाय.

भरमाप्पा : आता गं?

अंबूबाई : थांबा जरा. रेडी पदर चोखतीया माझा. अवं, ही गवताला तोंड लावती का?

ज्ञानू : अजून न्हाय.

अंबूबाई : मग तिकडं काय खाईल?

ज्ञानू : घेणारा बघंल की.

अंबूबाई : त्याच्या दारात म्हस नसली तर? आठ दिसांत मरंल. देवाला मरायला टेकलेलं देणार?

ज्ञानू : एवढं काय तवा ध्यानात आलं न्हाय.

अंबूबाई : तुमच्या ध्यानात कवा काय येतंय.

भरमाप्पा : मग ऱ्हाऊ दे घरातच. देव काय एवढ्यावरनं रागवत न्हाय.

अंबूबाई : तुमी गप बसा भरमाण्णा. द्यायचं तर जगंल असं द्यायचं. काशीला सोडा.

ज्ञानू : काशीला?

अंबूबाई : लेकरासंगं आय जायाची.

ज्ञानू : अंबे, काशी मी बोललो न्हवतो.

अंबूबाई : मी बोलते. आन् मी मोठ्यांदा बोलते, समद्यांनी ऐकलं.

भरमाप्पा : यव्वा, मग खाणार काय?

अंबूबाई : भोपळा हाय की परड्यात.

ज्ञानू : आण. कासरा मी धरतो.

अंबूबाई : नगं. तुमच्या हातात कासरा बघिटला की ती गंगावेशीची वाट धरती. देवळापतूर माझ्या मागनं येईल.